पियानो ट्रिओची पहिली मैफल: मेंडेल्सोन, शुमान पतिपत्नी आणि ब्राम्स ऐकायला जाण्याआधी

लाइपझिग, लंडन, फ्रँकफुर्ट किंवा अगदी मुंबईतलं एनसीपीए, कुठेही चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या, कार्यक्रमपत्रिकेत एक जुळणी वारंवार दिसते: फेलिक्स मेंडेल्सोन, क्लारा शुमान, रॉबर्ट शुमान, योहानेस ब्राम्स. या चौघांपैकी दोघे-तिघे एका संध्याकाळी असतातच. मंचावर माणसंही तीनच, एक पियानोवर, एक व्हायोलिनवर, एक चेलोवर. माइक नाही, निवेदक नाही, पेशकशीआधी चार शब्द बोलायची पद्धत नाही. येतात, वाकून नमस्कार करतात, वाजवायला लागतात. हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेला मराठी श्रोता इथे पहिल्यांदा आला की जरा अवघडतोच. दाद कुठे द्यायची, आत्ता संपलं का, पुढे किती आहे, काहीच कळत नाही.

अशा नवख्या श्रोत्यासाठी हे टिपण. अनेक जण सल्ला देतात की आधी सोनाटा फॉर्म वाचा, हार्मनीची तोंडओळख करून घ्या. माझा त्याला विरोध नाही, पण पहिल्या मैफलीला त्याची गरज नाही. या चौघांच्या ट्रिओंसाठी तरी एक गोष्ट जास्त उपयोगी पडते: कोण कोणाला ओळखत होतं, आणि लिहिताना कोणाचे कान डोक्यात होते. ही मंडळी एकमेकांच्या रचना वाजवत होती, त्यांच्यावर लिहीत होती, त्यांतून शिकत होती. तो धागा हाती असला की दोन तासांचं अनोळखी संगीतही परकं वाटत नाही.

पायरी १: पत्रिका वाचायला शिका

पियानो ट्रिओ म्हणजे तीन पियानो नव्हेत. पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी लिहिलेली रचना, आणि ती वाजवणाऱ्या तिघांच्या गटालाही ट्रिओच म्हणतात. यातला शब्द न् शब्द, म्हणजे स्वर न् स्वर, आधीच लिहिलेला असतो. उत्स्फूर्तता असते ती कसं वाजवायचं यात.

पत्रिकेतली ओळ साधारण अशी असते: ‘ट्रिओ क्र. १, डी मायनर, ओपस ४९’. डी म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी दोन. तो या रचनेचा घरचा षड्ज समजा. फरक इतकाच की आपल्याकडे षड्ज मैफलभर हलत नाही, इथे तो वाटेत बदलत राहतो आणि शेवटी घरी परततो. मायनर म्हणजे गंधार कोमल, मेजर म्हणजे गंधार शुद्ध. म्हणून मायनर दुःखी आणि मेजर आनंदी असं सरधोपट समीकरण मात्र करू नका. ब्राम्सचा बी मेजर ट्रिओ मेजरमध्ये सुरू होऊन मायनरमध्ये संपतो आणि ते समीकरण तिथल्या तिथे मोडून टाकतो.

ओपस हा प्रकाशनाच्या क्रमाचा आकडा. त्यावरून संगीतकाराचं वय ओळखायला जाल तर कधी कधी फसाल. ब्राम्सच्या या ट्रिओचा ओपस ८ आहे, म्हणजे तरुणपणची रचना, आणि ती खरंच विसाव्या वर्षी सुरू झालेली आहे. पण आज मैफलीत जी ऐकू येते ती बहुधा १८८९ मध्ये त्याने नव्याने लिहिलेली आवृत्ती असते. ओपसचा आकडा तोच ठेवला, आतलं बरंच बदललं. पत्रिकेत कंसात साल दिलं आहे का ते पाहा.

त्याखाली चार ओळी असतात. ते रचनेचे चार भाग. त्यांना मूव्हमेंट म्हणतात. मी भागच म्हणेन. प्रत्येक ओळ म्हणजे लय आणि भाव यांची सूचना, बहुतेक वेळा इटालियनमध्ये. ‘आंदान्ते’ म्हणजे चालत्या लयीत, ‘आलेग्रो’ म्हणजे जलद, ‘स्केर्त्सो’ म्हणजे खेळकर, चपळ भाग. रॉबर्ट शुमानच्या ट्रिओत हीच सूचना जर्मनमध्ये असते. पहिल्या भागावर ‘मिट एनेर्गी उंड लायडेनशाफ्ट’ लिहिलेलं आहे: जोमाने आणि उत्कटतेने. शेवटच्यावर फक्त ‘मिट फॉयर’, आगीने. वाजवणाऱ्याला एवढं पुरतं, ऐकणाऱ्यालाही पुरावं.

वेळेचा अंदाज: यातला प्रत्येक ट्रिओ साधारण अर्ध्या तासाचा, ब्राम्सचा थोडा लांब. मध्यंतर धरून तीन ट्रिओ म्हणजे दोन तास. चारही एका संध्याकाळी ठेवणारे असतात, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने अशी मॅरेथॉन टाळलेली बरी.

पायरी २: माणसं ओळखून घ्या

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण सगळी मजा इथेच आहे.

मेंडेल्सोन १८३५ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. रॉबर्ट शुमान त्याच शहरात होता. आदल्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्याने संगीतावरचं एक नियतकालिक सुरू केलं होतं आणि समीक्षक म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. क्लारा वीक तेव्हा सोळा वर्षांची होती. लहानपणापासून मंचावर वाजवणारी ही मुलगी आपला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, नोव्हेंबर १८३५ मध्ये गेवांडहाउसमध्ये वाजवायला बसली, तेव्हा वाद्यवृंदासमोर मेंडेल्सोन उभा होता. पुढे १८४० मध्ये, वडिलांचा विरोध कोर्टात हरवून, क्लारा आणि रॉबर्ट यांनी लग्न केलं. १८४१ मध्ये शुमानची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लोकांसमोर आली तीही मेंडेल्सोनच्याच हातून.

मेंडेल्सोनचा डी मायनर ट्रिओ १८३९ चा. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. फर्डिनांड हिलर हा त्याचा मित्र पॅरिसमध्ये बरीच वर्षं काढून आला होता. शोपँ आणि लिस्ट यांचं पियानोवादन त्याने जवळून ऐकलं होतं. मेंडेल्सोनने ट्रिओ वाजवून दाखवला तेव्हा हिलरला पियानोतल्या काही स्वरमालिका जुन्या वळणाच्या वाटल्या आणि त्याने तसं तोंडावर सांगितलं. यशाच्या शिखरावर असलेल्या माणसाने ते मनावर घेतलं आणि पियानोचा भाग मोठ्या प्रमाणावर पुन्हा लिहिला. आज या ट्रिओत पियानोवादकाची बोटं भिरभिरताना दिसतील, त्यामागे हिलरचा हा स्पष्टवक्तेपणा आहे. शुमानने या ट्रिओवर लिहिताना त्याला आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ ट्रिओ म्हटलं, बेथोव्हेन आणि शूबर्ट यांच्या ट्रिओंच्या पंक्तीला बसवलं, आणि मेंडेल्सोनला एकोणिसाव्या शतकातला मोझार्ट अशी पदवी दिली.

शुमान कुटुंब १८४४ च्या अखेरीस ड्रेस्डेनला राहायला गेलं. रॉबर्टची तब्येत ढासळलेली होती. १८४५ मध्ये नवराबायकोनी मिळून बाखच्या पद्धतीच्या काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र चाली एकमेकींत गुंफण्याच्या विद्येचा, कसून अभ्यास केला. त्या अभ्यासाचा माग क्लाराच्या ट्रिओत लागतो. जी मायनरमधला हा ट्रिओ तिने १८४६ मध्ये लिहिला. घरात लहान मुलं, त्यात फेब्रुवारीत जन्मलेला एमिल. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा वाजवून पाहिल्यावर तिने डायरीत लिहिलं की स्वतः काही रचावं आणि मग ते ऐकावं, यासारखं दुसरं सुख नाही; आणि लगेच पुढे, की हे शेवटी बाईमाणसाचंच काम, यात जोर कमी पडतो. ही दोन वाक्यं एकाच नोंदीत आहेत. दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका. मैफलीत बसून ऐका आणि मग ठरवा.

पुढच्याच वर्षी, जून १८४७ मध्ये, रॉबर्टने त्याचा डी मायनर ट्रिओ लिहायला घेतला. त्याच महिन्यात सोळा महिन्यांचा एमिल गेला. १३ सप्टेंबरला, क्लाराच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला, हा ट्रिओ तिला भेट म्हणून मिळाला. पट्टी मेंडेल्सोनच्या ट्रिओचीच आहे, डी मायनर, आणि प्रसिद्ध अशा रचनेची पट्टी घेऊन पुन्हा त्याच तीन वाद्यांसाठी लिहायला धाडस लागतं.

१८४७ मध्येच डी मायनरमधला आणखी एक ट्रिओ वाजला, तो फेलिक्सची थोरली बहीण फान्नी हेन्सेल हिचा. बर्लिनमधल्या तिच्या घरी रविवारी मैफली भरत. धाकटी बहीण रेबेका हिच्या वाढदिवसाला, ११ एप्रिलला, तिथे हा ट्रिओ सादर झाला. महिन्याभरात, १४ मे रोजी, फान्नी अचानक गेली. फेलिक्स त्या धक्क्यातून सावरला नाही आणि ४ नोव्हेंबरला अडतिसाव्या वर्षी तोही गेला. शवपेटीबरोबर चालणाऱ्यांमध्ये शुमान होता. पत्रिकेत फान्नी हेन्सेल हे नाव दिसलं तर ती मैफल चुकवू नका. तिच्या ट्रिओचा तिसरा भाग एक छोटं गाणंच आहे, तिने त्याला नावही ‘लीड’, म्हणजे गीत, असंच दिलं आहे.

आता ब्राम्स. तो यांच्या पुढच्या पिढीतला, जन्म १८३३ चा, हाम्बुर्गचा. त्याला शुमानांच्या दारापर्यंत पोहोचवलं व्हायोलिनवादक योझेफ योआखिमने. हा योआखिम बाराव्या वर्षी लाइपझिगला मेंडेल्सोनच्या पंखाखाली आलेला होता, त्यामुळे चौघांनाही जोडणारा माणूस हाच. त्याने सुचवलं म्हणून १८५३ च्या सप्टेंबरअखेरीस वीस वर्षांचा ब्राम्स ड्यूसेलडॉर्फला शुमानांच्या घरी आला आणि पियानोवर बसला. महिन्याभरात रॉबर्टने ‘नव्या वाटा’ या शीर्षकाचा लेख छापून या अनोळखी मुलाची जाहीर ओळख करून दिली. ब्राम्सने बी मेजर ट्रिओ जानेवारी १८५४ मध्ये पुरा केला. फेब्रुवारीच्या अखेरीस रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण उरलेली अडीच वर्षं मनोरुग्णालयात गेली. क्लारा आणि ब्राम्स यांची मैत्री १८९६ मध्ये ती जाईपर्यंत टिकली. त्या मैत्रीत आणखी काय होतं यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मैफलीला जाताना ती चर्चा घरी ठेवावी, ट्रिओ ऐकायला तिची मदत होत नाही.

पायरी ३: घरी एकच रचना ऐका, पण नीट

सगळा कार्यक्रम यूट्यूबवर आधी ऐकून जायचा मोह होतो. तसं केलं की मैफलीत कान तुलना करत बसतो. एकच निवडा. माझी शिफारस मेंडेल्सोनच्या डी मायनर ट्रिओची, आणि त्यातही दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. तो पियानोने एकट्याने सुरू होतो, शब्दांविना गाणं असावं तसा, आणि मग व्हायोलिन तेच गाणं उचलतं.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त चेलोच्या मागे जा. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण चेलो बऱ्याचदा तळात असतो आणि कान आपोआप वरच्या व्हायोलिनकडे धावतो. हा एक सराव जमला तर प्रत्यक्ष मैफलीत तिघं एकमेकांना काय देतायत आणि काय घेतायत ते ऐकू यायला लागतं. पियानोचा डावा हात वेगळा ऐकता आला तर उत्तमच, पण पहिल्या आठवड्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत. आल्फ्रेड कोर्तो, जाक तिबो आणि पाब्लो कासाल्स यांचं १९२७ चं मुद्रण जुनं, खरखरीचं आहे, तरी चेलो कसा गातो ते कळायला त्यासारखं दुसरं नाही. याच कासाल्सने नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडी यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये हाच ट्रिओ वाजवला, आणि तेही मुद्रण मिळतं. स्वच्छ आवाजात हवं असेल तर बोझार ट्रिओचं ऐका. १९५५ ते २००८ इतकी वर्षं टिकलेला गट, पियानोवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मेनाहेम प्रेसलर. ज्यांना स्वरलेखन वाचता येतं त्यांच्यासाठी: या सगळ्या रचना हक्कमुक्त आहेत, आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. वाचता येत नसेल तरी एकदा पानं चाळा. पियानोच्या दोन ओळी काळ्याकुट्ट आणि वरच्या दोन मोकळ्या दिसतात, तेवढ्यावरूनही अंदाज येतो की सर्वांत जास्त घाम कोण गाळणार आहे.

पायरी ४: तिकीट आणि जागा

चेंबर म्युझिक छोट्या सभागृहासाठी आहे. त्याच गावात हजार-दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहातला आणि दोनशे खुर्च्यांच्या खोलीतला, असे दोन कार्यक्रम असतील तर डोळे मिटून दुसरा घ्या. लाइपझिगला जाणं झालं तर मेंडेल्सोन ज्या घरात शेवटची दोन वर्षं राहिला ते गोल्डश्मिट-श्ट्रासवरचं घर आता संग्रहालय आहे आणि तिथल्या दिवाणखान्यात रविवारी सकाळी मैफली होतात. इन्सेल-श्ट्रासवर शुमान पतिपत्नीचं लग्नानंतरचं पहिलं घर आहे, तेही पाहता येतं. दोन्ही ठिकाणं शहराच्या एकाच बाजूला, पायी जाण्यासारखी.

खुर्ची निवडताना: पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या श्रोत्यांच्या डाव्या हाताला असतात, उघडलेलं झाकण उजवीकडे तोंड करून. पियानोवादकाचे हात बघायचे असतील तर डावीकडे बसा. व्हायोलिन बहुतेक वेळा पियानोसमोर डावीकडे आणि चेलो उजवीकडे असतो. अगदी पहिल्या रांगेत पियानो अंगावर येतो. पाचवी-सहावी रांग, मधोमध किंवा किंचित डावीकडे, ही माझी आवडती जागा. स्वस्तातली गॅलरीची तिकिटं वाईट नसतात, वर आवाज चांगला मिसळून पोहोचतो.

आजचा पियानो १८४० च्या पियानोपेक्षा कितीतरी दणदणीत आहे, आणि तेव्हा व्हायोलिन-चेलोच्या तारा आतड्याच्या असत, आवाजाने मऊ. त्यामुळे आज चेलो झाकला जाण्याचा धोका कायम असतो. तो ऐकू येत नसेल तर दोष तुमच्या कानांचाच आहे असं समजू नका. कधी सभागृहाचा असतो, कधी पियानोवादकाचा.

पायरी ५: त्या संध्याकाळी

वीस मिनिटं आधी पोहोचा. उशीर झाला तर दार बंद असतं आणि एक अख्खी रचना संपेपर्यंत, निदान एक भाग संपेपर्यंत, बाहेर थांबावं लागतं. युरोपात थंडीचा कोट बाहेर जमा करायची पद्धत आहे, त्यालाही रांग असते. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. ऑफिसला जाता येईल असा कोणताही पोशाख चालतो. सळसळणारी साडी आणि खणखणणाऱ्या बांगड्या मात्र इथे शेजाऱ्याला ऐकू जातात, कारण माइक नसल्यामुळे सभागृहात विलक्षण शांतता असते. खोकल्याची गोळी हवी असेल तर आधीच कागदातून काढून हातरुमालात ठेवा. शांत भागात चांदीच्या कागदाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मोबाइल सायलेंट नको, बंद.

मंचावर चौथा माणूस दिसला तर गोंधळू नका. पियानोवादकाच्या डावीकडे बसलेला तो पानं उलटणारा. आजकाल टॅबलेट आणि पायाने दाबायचं बटण आल्यामुळे तो कमी दिसतो. पियानो ‘ए’ म्हणजे पांढरी सहा देतो, त्यावर व्हायोलिन आणि चेलो आपल्या तारा लावतात. ही मिनिटभराची जुळवाजुळव म्हणजे रचनेची सुरुवात नव्हे. आपल्याकडे तंबोरे लागत असतानाच मैफल सुरू झाल्यासारखी वाटते, म्हणून सांगितलं.

आता टाळ्या. एक ट्रिओ म्हणजे चार भाग, आणि टाळ्या चौथा संपल्यावर. मधल्या विरामात लोक खोकतात, सावरून बसतात, टाळ्या वाजवत नाहीत. ‘वाह’, ‘क्या बात है’, मान डोलावून हात उडवणं यांपैकी काहीही चालू संगीतात चालत नाही. मान डोलवा, पण गुपचूप. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात स्वतः मेंडेल्सोनचे श्रोते भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत आणि आवडला तर तोच भाग पुन्हा वाजवायला लावत. आजची शिस्त नंतरची आहे, आणि मला ती थोडी जाचकच वाटते. पण पाहुण्याने घरच्यांची रीत पाळावी. साधा उपाय: वादकांकडे बघत राहा. गज हवेत असेपर्यंत काही करू नका. गज खाली आले, खांदे सैल पडले, आणि शेजारच्याने टाळी वाजवली, की तुम्हीही वाजवा.

पायरी ६: ऐकताना काय धरायचं

प्रत्येक ट्रिओसाठी एकेक-दोनदोन खुणा देतो. सगळ्या सापडल्या पाहिजेत असं काही नाही.

मेंडेल्सोन, डी मायनर. पहिली चाल चेलोची आहे, पियानो त्याच्याखाली ठोक्याच्या मधल्या जागी स्वर टाकत अस्वस्थता निर्माण करतो. व्हायोलिन नंतर येतं. तिसरा भाग, स्केर्त्सो, इतका हलका आणि वेगवान आहे की चौथा सुरू झाल्यावर तिसरा कधी संपला असं होतं. मेंडेल्सोनची सही याच प्रकारच्या संगीतावर आहे. शेवटच्या भागात चेलोची एक दिलदार, लांब श्वासाची चाल वर येते, तिच्यासाठी कान उघडे ठेवा. आणि मायनरमध्ये सुरू झालेला ट्रिओ शेवटी मेजरमध्ये पोहोचतो. गंधार शुद्ध होतो तो क्षण आपल्या कानाला चटकन कळतो.

क्लारा शुमान, जी मायनर. व्हायोलिन पहिल्याच क्षणी मुख्य चाल सांगतं, कोणतीही प्रस्तावना नाही. दुसऱ्या भागावर ‘मिन्युएटच्या लयीत’ असं लिहिलं आहे, पण नाच करायला उठलात तर लय पायात अडकेल अशी आखूड-लांब स्वरांची खोडी तिने घालून ठेवली आहे. तिसऱ्या भागात पियानो एकटा गाणं सुरू करतो, मग व्हायोलिन, आणि मधला खवळलेला तुकडा ओलांडून तेच गाणं परततं तेव्हा ते चेलोच्या हाती असतं. तो परतीचा प्रसंग मला या पूर्ण ट्रिओतला सर्वांत सुंदर वाटतो. चौथ्या भागात मध्ये एके ठिकाणी एक वाद्य चाल सुरू करतं, दुसरं तीच चाल मागून घेऊन येतं, मग तिसरं, तिघंही एकाच वेळी तिच्या वेगवेगळ्या जागी. हा फुगातो. योआखिमने पुढे क्लाराला लिहिलेल्या पत्रात या जागेची आठवण काढली आहे: एखादी बाई इतकं भक्कम, गंभीर काही लिहू शकते यावर आपला तेव्हा विश्वास बसेना, आणि ते पाहून मेंडेल्सोन खो खो हसला होता. मेंडेल्सोन का हसला ते उघड आहे. त्याच्या घरी फान्नी होती.

रॉबर्ट शुमान, डी मायनर. मेंडेल्सोनच्या ट्रिओत चाल आणि साथ वेगवेगळ्या ओळखता येतात. इथे तिन्ही वाद्यं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की पहिल्यांदा ऐकताना नुसता कल्लोळ वाटू शकतो. घाबरू नका. पहिल्या भागाच्या मध्यावर अचानक सगळं थांबतं. व्हायोलिन आणि चेलो घोडीच्या अगदी जवळ गज फिरवतात, त्यामुळे आवाज काचेसारखा, पातळ होतो, आणि पियानो वरच्या सप्तकात अगदी हळू एक नवीच चाल वाजवतो. १८४७ मध्ये असा आवाज ट्रिओत कोणी अपेक्षिला नसेल. त्या जागेसाठी तिकीट काढलं तरी पैसे वसूल. तिसरा भाग संथ, एकाकी आहे. त्यात एमिल शोधायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. तो संपतोय असं वाटत असतानाच न थांबता चौथा सुरू होतो, तेव्हा इथे खोकायला विराम मिळत नाही हे लक्षात असू द्या.

ब्राम्स, बी मेजर. पियानो चार पावलं टाकतो आणि चेलो गायला लागतो. व्हायोलिनवादक गज हातात धरून बसलेला असतो, बराच वेळ. नवख्या श्रोत्याला वाटतं काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही, तो आला की खोलीतला उजेड वाढल्यासारखं होतं. १८८८ मध्ये झिमरॉक या प्रकाशकाने ब्राम्सच्या सुरुवातीच्या रचनांचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडून विकत घेतले आणि सुधारायच्या असतील तर सुधारा असं सुचवलं. छप्पन्नाव्या वर्षी ब्राम्सने हा ट्रिओ पुन्हा लिहायला घेतला आणि क्लाराला कळवलं की आता ओपस ८ ऐवजी ओपस १०८ म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या एका मित्राला मात्र लिहिलं की विग चढवला नाही, नुसते केस विंचरले. विंचरण्यात बऱ्याच बटा कापल्या गेल्या, हे दोन्ही आवृत्त्या ऐकल्या की कळतं. स्केर्त्सो मात्र जवळपास तसाच ठेवला. म्हणजे दुसऱ्या भागात तुम्ही शुमानांच्या घरी नुकताच येऊन गेलेला वीस वर्षांचा मुलगा ऐकता, आणि त्याच्या आजूबाजूला दाढीवाला, व्हिएन्नात स्थिरावलेला ब्राम्स. एका रचनेत दोन वयं अशी शेजारी ऐकायला मिळणं दुर्मीळ. तिसऱ्या भागात पियानो आणि तंतुवाद्यं एकमेकांना आळीपाळीने उत्तरं देतात, इतक्या हळू की सभागृहाचा एसी ऐकू येतो. चौथा पुन्हा चेलोकडून सुरू होतो, बेचैन, आणि शेवटपर्यंत बेचैनच राहतो.

ऐकता ऐकता मन भरकटलं तर? भरकटतंच. दोन तास सलग कोणी ऐकत नाही. परत यायचा सोपा मार्ग म्हणजे चेलोवादकाचा उजवा हात बघणं. गज लांब ओढला जातोय की तुटक, यावरून भागाचा स्वभाव पुन्हा पकडीत येतो.

पायरी ७: दुसरी मैफल निवडताना

घरी आल्यावर क्लाराचा आणि रॉबर्टचा ट्रिओ लागोपाठ ऐका, त्याच क्रमाने. मधे एका वर्षाचं अंतर आहे आणि दोन्ही एकाच घरात लिहिलेले आहेत. आधी तिने लिहिला, मग त्याने, हे कानांनी तपासून पाहण्यासारखं आहे. मेंडेल्सोनचा दुसरा ट्रिओ, सी मायनर, १८४५ चा, पहिल्याइतका लाडका नाही, पण मला तो जास्त आवडतो. त्याच्या शेवटच्या भागात चर्चमध्ये गातात तशी एक संथ सामूहिक चाल वादळातून वर येते.

मग मैत्रीचा पुढचा दुवा धरा. शुमानने ब्राम्ससाठी जे केलं तेच ब्राम्सने आन्तोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकारासाठी केलं: १८७७ मध्ये त्याची शिफारस झिमरॉककडे केली. पुढे द्वोर्झाक अमेरिकेत असताना त्याच्या छापायच्या रचनांची मुद्रितं ब्राम्सने स्वतः तपासली, आणि त्यांत ‘डुम्की’ ट्रिओही होता. हा ट्रिओ १८९१ च्या एप्रिलमध्ये प्रागमध्ये पहिल्यांदा वाजला, पियानोवर खुद्द द्वोर्झाक. फक्त एक सूचना: यात चार नव्हे, सहा भाग आहेत, आणि प्रत्येक भागात संथ-जलद अशी उलथापालथ चालू असते, त्यामुळे भाग मोजून टाळ्या वाजवायचा हिशेब इथे हमखास चुकतो. पहिले तीन भाग तर न थांबता एकमेकांना जोडून वाजतात. तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि गजांकडे लक्ष द्या.